दात नसलेली प्रवेशपरीक्षा

(ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान, संपादित रूपात.)

मित्रहो, आणि या मित्रांना रविवारच्या सकाळी झोपेतून उठवून इथवर आणणाऱ्या पालकांनो,

निमंत्रणपत्रिकेवर 'बी.डी.एस. प्रवेश : पात्रता आणि तयारी' असा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या प्रवेशाचा विषय छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण आयोजकांनी चाळीस मिनिटे दिली आहेत आणि माझी एक तक्रार बरेच दिवस ऐकणाऱ्याच्या शोधात आहे, तेव्हा आधी ती ऐकून घ्यावी.

आपल्यापैकी ज्यांनी नीटचा, म्हणजे या प्रवेशपरीक्षेचा अभ्यासक्रम समोर ठेवून प्रकरणांवर खुणा केल्या असतील, त्यांना ठाऊक असेल की 2024 च्या परीक्षेपासून त्यातली बरीच प्रकरणे गळली. जीवशास्त्रातून पचन आणि शोषण हे प्रकरण गेले. आता दात कुठे शिकवले जातात? त्याच प्रकरणात. जबड्याच्या एका बाजूला दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा, हे आठ चार वेळा मोजले की बत्तीस, असे जे दंतसूत्र आम्ही घोकले, ते या परीक्षेसाठी घोकण्याचे कारण उरले नाही. म्हणजे ज्या परीक्षेच्या गुणांवर पुढचा दंतवैद्य निवडला जातो, तिच्यात दातच नाहीत. (हसलात, पण पुढच्या रांगेतल्या दोघी हसल्या नाहीत, त्यांनी 'हे प्रकरण नाही' असे वहीत लिहून घेतले. माझी तक्रार नेमकी हीच आहे.)

रसायनशास्त्रातून एस-ब्लॉक, म्हणजे सोडियम-कॅल्शियमसारखी मूलद्रव्ये गेली आणि पॉलिमर्स, म्हणजे प्लास्टिकसारखे लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थही गेले. प्लास्टर ऑफ पॅरिस हे कॅल्शियमचे संयुग, म्हणून ते एस-ब्लॉकमध्ये. आणि आजीची कवळी ज्या अ‍ॅक्रिलिकची असते ते पॉलिमर. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या 'डेंटल मटेरियल्स'मधली ही दोन नित्याची माणसे क्लासच्या नोट्समधून हद्दपार झाली आहेत. राज्य मंडळाच्या पुस्तकांत मात्र ती आहेत. बारावीच्या रसायनशास्त्रात पॉलिमर आहेत, अकरावीच्या जीवशास्त्रात मानवी पोषणाच्या प्रकरणात दातही आहेत. तरीही 'बोर्डाचे काय, पन्नास टक्के पुरेत' म्हणून ती पाने न उलटता मुले बारावी होतात आणि प्रयोगशाळेत फक्त सबमिशनच्या आठवड्यात दिसतात.

मी काही निराळा नव्हतो. बारावीचे माझे रसायनशास्त्राचे जर्नल मी एका रात्रीत मित्राच्या जर्नलवरून उतरवून काढले होते, त्याच्या शाईच्या डागासकट. सह्या झाल्या, गुण मिळाले, प्रवेशही मिळाला. हिशेब चुकता झाला तो दुसऱ्या वर्षी. अल्जिनेटमध्ये, म्हणजे माप घ्यायच्या ओल्या लगद्यात, घेतलेले जबड्याचे माप हातात होते. अल्जिनेट पाणी सोडते आणि आकसते, म्हणून त्यात प्लास्टर लगेच ओतावे लागते. मी रबरी वाडगा उचलला. त्याच्या कडेला आधीच्या मुलाच्या प्लास्टरची पांढरी खपली धरली होती. ती खरवडण्याचा कंटाळा केला, पाणी घेतले, पूड भुरभुरली आणि स्पॅच्युला, म्हणजे घोटायची चपटी पट्टी, फिरवू लागलो. शेजारचा त्याच डब्यातले प्लास्टर सावकाश घोटत होता. माझे मात्र बघता बघता ताकासारखे होते ते श्रीखंडासारखे झाले आणि मापात ओतायला वाडगा वाकडा केला, तर काही पडेचना. तळहाताला वाडगा गरम लागत होता. स्पॅच्युला आत रुतून उभा राहिला. मी घाबरून वर पाणी ओतले, हे तर आणखी वाईट.

सर आले, त्यांनी वाडगा उलटा करून दाबला, गोळा टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारले, "जुन्या प्लास्टरच्या खपल्यांनी नव्याचे काय केले?" मला सांगता आले नाही. त्या खपल्या म्हणजे जिप्समचे तयार स्फटिक. त्यांच्याभोवती नवे स्फटिक भराभर जमतात, म्हणून घट्ट होण्याची क्रिया वेग घेते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. अतिसंतृप्त द्रावणात स्फटिकाचा खडा टाकून मित्राने हे बारावीत डोळ्यांनी पाहिले होते. मी त्याची फक्त आकृती उतरवली होती. तो गोळा पुढे कित्येक वर्षे माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून होता; लग्नानंतर तो कुठे गेला, हे घरात विचारण्याची पद्धत नाही.

पदार्थविज्ञानाचेही तेच. क्ष-किरणांचे यंत्र, फिलिंग कडक करणारा निळा प्रकाश, सुळ्याला उपटताना लागणारी तरफ, ही सगळी अकरावी-बारावीचीच लेकरे आहेत. लिग्नोकेनने ओठ बधिर होतो तो चेतातंतूंतील सोडियमची वाट अडवून, आणि चेतातंतूंचे ते प्रकरण तर नीटलाही आहे. प्रवेशासाठी जे तीन विषय अट म्हणून मागितले जातात, ते फाटकावरचे तिकीट नव्हेत, आतला सगळा धंदा त्यांच्यावरच चालतो. तेव्हा वगळलेली प्रकरणे महिन्यातून एखाद्या संध्याकाळी वाचावीत, प्रयोग स्वतःच्या हाताने करावेत, आणि रिकाम्या वेळी साबणाची वडी कोरून दाढ करून पाहावी. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात, तेव्हा बोटांना आठवते.

आयोजक घड्याळ दाखवत आहेत. तेव्हा जे छापले आहे ते आता लोकलच्या वेगाने सांगतो.

प्रवेशाच्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण हवीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, मागास प्रवर्गांना 40. नीटमध्ये लागतो तो पर्सेंटाइल, खुल्या प्रवर्गाला 50 वा आणि मागास प्रवर्गांना 40 वा; 50 वा म्हणजे परीक्षा देणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या पुढे असणे, निम्मे गुण नव्हे. टक्के आणि पर्सेंटाइल यांत गल्लत करून दरवर्षी काही घरांत विनाकारण रडारड होते. 2025 पासून 180 प्रश्न, 180 मिनिटे, 720 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. निम्मे, म्हणजे 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत.

निकालानंतर आपोआप काही होत नाही. सरकारी महाविद्यालयांतील 15 टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठे यांसाठी एमसीसी या केंद्राच्या समुपदेशन समितीकडे, तर राज्याच्या 85 टक्के जागांसाठी सीईटी सेल या राज्याच्या प्रवेश कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय आणि मुंबई सेंट्रलचे पालिकेचे नायर, ही दोन्ही ठाण्याहून रोज ये-जा करण्याजोगी आहेत. खाडीपलीकडे नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे खासगी आणि अभिमत आहेत. अर्ज भरण्यापूर्वी सरकारी आणि खासगी-अभिमत यांच्या शुल्कातला फरक शांतपणे पाहावा, कारण अभ्यास चार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप आहे.

एक सापळा आवर्जून सांगतो. राज्याच्या जागांसाठी अधिवासाचा दाखला लागतो आणि दहावी-बारावी सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. परराज्यातल्या क्लासच्या नादाने बारावीची नोंदणी तिकडे हलवणाऱ्यांनी हे आधी वाचावे. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअरचे कागद निकालानंतर नव्हे, अकरावीतच मागावेत. सरकारी कार्यालयांना आपल्या रँकची घाई नसते.

बाहेरच्या टेबलावर दोन रबरी वाडगे ठेवले आहेत, एक घासलेला आणि एक मुद्दाम न घासलेला. शेजारी प्लास्टरची पूड आणि पाणी आहे. दोघादोघांनी एकाच वेळी घोटून पाहावे. उरलेले मात्र बेसिनमध्ये ओतू नका, खालच्या वर्तमानपत्रावर टाका. मागच्या वेळी सभागृहाची मोरी तुंबली होती आणि तिचे बिल मला भरावे लागले होते.