डिप्रेशननंतर पुस्तक काहून वाचवत नाही?

नमस्कार मंडळी. डिप्रेशनमधून उठणाऱ्या माणसाला आपल्याकडं एक सल्ला हमखास मिळतो: ‘पुस्तकं वाचत जाय बाबू, मन लागते.’ सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण सल्ला उफराटा आहे.

काहून, ते सांगतो. डिप्रेशन तपासायला डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची यादी वापरतात. त्यातला ७ वा प्रश्न हाच: पेपर वाचताना, टीव्ही पाहताना लक्ष लागत नाही का? म्हणजे वाचन सुटणं हे आजाराचं लक्षण आहे, आळस नाही. परिच्छेद संपेपर्यंत पहिली ओळ डोक्यात धरून ठेवावी लागते, अन् आजारात ती पकडच ढिली होते. पुढं झोप सुधारते, भूक लागते, माणूस वावरात जायला लागते, तरी कित्येकांची ही पकड मागंच राहते. घरचे म्हणतात, ‘आता तं चांगला झाला, मंग?’

गोळ्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. मरणाचे विचार येत असतील तर हा व्हिडिओ इथंच थांबवा अन् १४४१६ लावा. ही टेली-मानस, २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी सेवा. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते.

मी स्वतः डिप्रेशनमधून उठत होतो, तवा माझं पहिलं वाचन म्हणजे पेपरातले बाजार समितीचे भाव. हसू नका! कापूस, तूर, सोयाबीन. किमान, कमाल, सर्वसाधारण. एक ओळ वाचली की झालं, मागचं काही ध्यानात ठेवायचं नाही. लिहिणंही तसंच. वेचणीच्या दिवसांत आईनं वही हातात दिली: बाईचं नाव, किती किलो, किती मजुरी. आकडा चुकला की बाया काट्यापाशीच पकडत. मग एका संध्याकाळी हिशेबाखाली आपसूक एक वाक्य उतरलं: ‘आज काकू कोणाशीच बोलली नाही.’ लिही म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

मनातलं लिहून काढा म्हणतात. मला विचाराल तर सुरुवातीला नको. तोच तो विचार कागदावरही गरगरत राहते. दिसलं ते लिहा. कोण आलं, पाणी कुठवर पोचलं, बैल काहून अडला.

पुस्तक घ्यायचं तर आधी वाचलेलंच घ्या, शेवट ठाऊक असलेलं. मोठ्यानं वाचा. आजी ऐकायला बसली तर बेस्ट, ती मधातच टोकते अन् आपल्याला थांबायला निमित्त मिळते. वाचनालयातली जाडी कादंबरी मात्र सध्या राहू द्या. वाचणं राहते बाजूला, परत करायच्या तारखेचंच टेन्शन येते.