जिन्यात उतरलेला उजेड

स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, एअरशर. खाली लाटा, वर कडा, आणि कड्याच्या अगदी टोकाशी हा वाडा. कलेन कॅसल. स्पेलिंगमध्ये (Culzean) झेड आहे, पण तो कुणी उच्चारत नाही. जुन्या स्कॉट्स लिपीतल्या एका अक्षराच्या जागी छापखान्यांनी झेडचा खिळा वापरला, तो तसाच राहिला.

इथे आधी केनेडी घराण्याची गढी होती. 1777 साली घराण्याचे दहावे अर्ल, म्हणजे सरदार, डेव्हिड केनेडी यांनी वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमला बोलावलं. ॲडमने गढी पाडली नाही, नवं घर तिच्या अंगाने वाढवत नेलं. आधी जमिनीकडची बाजू, मग समुद्राकडची, भल्यामोठ्या गोल बुरुजासकट. पण या दोन्हींच्या मधला भाग अंधारा राहिला. 1787 मध्ये त्याने तिथेच जिना घातला.

आता मान वर करा. लंबगोल जिना, आणि माथ्यावर काचेचं लंबगोल छत. उजेड थेट तळमजल्याच्या फरशीपर्यंत उतरतो. खांबही नीट बघा. ग्रीक-रोमन वास्तुशास्त्राप्रमाणे साध्या आयोनिक शैलीचे खाली आणि नक्षीदार कोरिंथियन शैलीचे वर हवेत. ॲडमने ते उलटे लावले. पाहुण्यांची वर्दळ पहिल्या मजल्यावर, म्हणून नक्षीची पानंही तिथे, डोळ्यांसमोर. नियम मोडावा तर असा!

त्याच मजल्यावर बुरुजातला गोल दिवाणखाना. छतावर गिलाव्याची नाजूक वेलबुट्टी, आणि खिडकीबाहेर खवळलेला समुद्र. हवा स्वच्छ असली की एल्सा क्रेगचा खडक दिसतो.

अर्ल आणि ॲडम, दोघेही 1792 मध्येच गेले. अर्लच्या मागे मोठं कर्ज उरलं. 1945 साली केनेडींनी वाडा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवला, एका अटीवर: वरच्या मजल्यावरची सदनिका दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनापती जनरल आयझेनहॉवर यांना हयातभर वापरायला मिळावी. ते इथे चार वेळा येऊन राहिले, त्यातली एक खेप अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना.

भोवती सुमारे 600 एकरांचा परिसर. हंसांचं तळं आहे, ॲडमनेच बांधलेली शेतवाडी आहे. वाड्याकडे येताना लागणारी पडकी कमान मात्र वेळ काढून बघा. ती कधीच पडलेली नाही. बांधतानाच तशी बांधली.

वाड्याच्या दुसऱ्या अंगाला, कारंज्याच्या बागेत, वारा एकदम थांबतो. इतक्या उत्तरेला, भिंतीच्या आडोशाने, चक्क ताडाच्या जातीची झाडं उभी आहेत. लाटांचा आवाज इथे पोचतो, पण झाडाचं पान हलत नाही.