तांब्या कुठं आहे?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका निवृत्त मेट्रनबाईंनी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)

बसा, बसा. आणि तो पंखा माझ्याकडे नको. वारा लागला की माझा घसा बसतो, मग तुमचीच सुटका होईल.

अध्यक्षांनी विषय दिलाय, 'वृद्धाश्रमाची तपासणी: पाच निकष'. पाचही सांगणार आहे. पण आधी एक कबुली देते. छत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात काढली आणि तो सगळा काळ तपासणीला तोंड देण्यात गेला. मोठे साहेब राउंडला येणार म्हटलं की कपाटातल्या नव्या चादरी निघायच्या आणि साहेब जिना उतरायच्या आत पेशंटच्या अंगाखालून ओढून परत घडी व्हायच्या. ओढणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला बोलू. त्यामुळे निवृत्तीनंतर वृद्धाश्रम पाहायच्या एका समितीवर मला घेतलं तेव्हा मी म्हटलं, माणूस बरोबर निवडलात. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

पहिलीच भेट. पत्र आठ दिवस आधी गेलेलं. गाडी फाटकात शिरली तर रांगोळी, दाराशी औक्षणाचं ताट. ज्यांची चौकशी करायला गेलो त्यांच्याच हातून ओवाळून घेतलं, वर शाल-श्रीफळ. त्या तीन वर्षांत माझ्याकडे अकरा शाली जमल्या. पुढे एकदा त्या तिथल्याच आज्यांना वाटायला घेऊन गेले, तर एक आजी शाल उलटून बघत म्हणाल्या, "अगं, ही माझीच की."

हसताय, पण पुढचं ऐका. हॉलमध्ये सगळ्यांना ओळीनं बसवलेलं. स्वागतगीत झालं. आम्ही पोचलो साडेबाराला, ही मंडळी नऊपासून बसलेली. हे मला कुणी सांगितलं नाही. पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या पायजम्याकडे बघून मला कळलं. मग ऑफिसात शिरा, पोहे आणि रजिस्टरं. हजेरी, औषधं, आठवड्याचा मेनू प्लॅस्टिकमध्ये घालून. आमचे साहेब यादीवर खुणा करत होते. पलंग किती? संडास किती? तक्रारपेटी आहे? आहे. कुलूप आहे? आहे. मी विचारलं, किल्ली? "व्यवस्थापकांकडे, मॅडम. सेफ असते."

भिंतीवर 'मातृदेवो भव' जितक्या मोठ्या अक्षरात, तितकी मी आधी संडासाकडे जाते, ही माझी जुनी खोड. त्या वाटेवर एका पलंगाशी थांबले. आजी ऐंशीच्या पुढच्या असाव्यात, हातावर जुनं गोंदण. "जेवण कसं असतं?" "चांगलं." "झोप लागते?" "लागते की." माझ्यामागे व्यवस्थापक उभे. ते उभे असताना मलाही सगळं चांगलंच वाटत होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते व्हरांड्यात गेले. आजींनी माझा पदर धरला. "बाई, उद्या पण या."

म्हटलं, का हो आजी?

"तुम्ही येनार म्हनून आज मागंल तेवढं पानी दिलं."

मग हळूहळू उलगडलं. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. कारण रात्री बावीस माणसांना एकच मुलगी. पाणी प्यालं की लघवी, लघवीला उठवायला माणूस नाही, नाही उठवलं तर चादर ओली, चादर धुवायला बाई सकाळी आठला येणार. म्हणून तांब्या खिडकीत ठेवायचा, पलंगापासून चार हात लांब. ती मुलगी काही राक्षसीण नव्हती, बिचारी एकोणीस-वीस वर्षांची. हिशेबच असा होता की शेवटी तो पाण्यावरच येऊन बसायचा.

आता दवाखान्यातलं सांगते, कारण यातली गोम तिथं आहे. वय वाढलं की तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण जीव मागत नाही. त्यात मागितलेलंही मिळालं नाही की लघवीला जळजळ, मग ताप, मग भ्रम. रात्री आजी उठून 'माझी म्हैस कुठं गेली' म्हणत चालायला लागतात, पडतात, खुबा मोडतो. खुबा मोडला की पुढचं तुम्हाला सांगायला नको, इथं प्रत्येकाच्या घरात एक गोष्ट आहे. आणि रजिस्टरात काय लिहितात? 'वयोमानानुसार पडल्या.' पाण्याचा कुठं उल्लेख नाही.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. वृद्धाश्रमात गेलात की पलंगावरचा माणूस आणि तांब्या यांत किती अंतर आहे ते बघा. माणसाचा हात पोचतो का? तांब्या भरलेला आहे का? त्याला स्वतःला उचलता येतो का, का दोन लिटरचा स्टीलचा जड तांब्या नुसता शोभेला ठेवलाय? बेल असेल तर तीही अशीच मोजा. बेल बहुतेक ठिकाणी असतेच, पण उशामागच्या भिंतीवर, म्हणजे बसलेल्या धडधाकट माणसाला वाजवता येईल अशी. झोपलेल्या आजीनं ती वाजवायची कशी?

दुसरा राग आपल्यावरच आहे, समाजावर. वाढदिवसाला वृद्धाश्रमात जाऊन केक कापायचा, जिलबी वाटायची, फोटो काढायचे. दिवाळीच्या आठवड्यात एकाच हॉलमध्ये पाच-पाच संस्थांचा फराळ. साखरेवाले आजोबा कुणाला नाही म्हणणार? एक आजोबा मला म्हणाले होते, "सिस्टर, पितृपंधरवड्यात चंगळ असते बघा. कावळ्याची आणि आमची." मी तेव्हा हसले. घरी आल्यावर मात्र बराच वेळ काही सुचेना.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं. वडे तळायला घेतलेत.' बरं, कायद्याचं भरभर सांगते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा २००७ चा. मुलांकडून चरितार्थ मागता येतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या कलम १९ मध्ये सरकारनं गरजेप्रमाणे, टप्प्याटप्प्यानं, जिल्ह्यागणिक किमान एक आणि किमान दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम काढावा असंही आहे. आपल्या राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना १९९५ पासूनची. पण बंगला भाड्यानं घेऊन महिना पंचवीस हजारांत आईला ठेवून घेणाराचं काय? अशांची सक्तीनं नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, त्याबरोबर तेही गेलं. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त हिशेब बघतात. पण हिशेबात तांब्या येत नाही.

माझी भाची इंग्लंडात अशा एका केअर होममध्ये काम करते. तिथं २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन आहे. तपासनीस बहुधा न सांगता येतात आणि पाच गोष्टी बघतात: जागा सुरक्षित आहे का, देखभालीचा गुण येतो का, माणसं मायेनं वागतात का, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे करतात का, आणि कारभार नीट चालतो का. जो शेरा मिळेल तो दर्शनी भागात लावावा लागतो. ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे सांगता येत नाही त्यांच्याजवळ नुसतं बसून बघायचीही त्यांची एक ठरलेली रीत आहे. मला ते फार आवडलं. अर्थात तिथंही सगळं आलबेल नाही. विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खासगी रुग्णालयातली मारहाण २०११ मध्ये टीव्हीवाल्यांनी उघड केली. तिथल्या एका नर्सनं त्याआधी या कमिशनला कळवलेलं होतं, पण दखल घेतली गेली नाही.

हो, हो, आले पाच निकषांवर. लिहून घ्या.

एक, तांब्या. तो झाला.

दोन, वेळ. सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळं न्हाऊनमाखून बसलेलं असतं. दिवेलागणीला जा, किंवा रविवारी दुपारी. रात्री किती माणसं असतात ते विचारा, आणि त्यांची नावं विचारा. नावं सांगताना अडखळले तर समजा.

तीन, अंग. घरचं माणूस असेल तर टाचा आणि माकडहाड स्वतः बघा, लाजू नका. लाल डाग बोटानं दाबून सोडला तरी लालच राहिला तर शय्याव्रणाची सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं गरम लागतंय का, कडक झालंय का ते चाचपा. कूस दर दोन तासांनी बदलायची ही आमची जुनी शिकवण. आणि डायपरची बिलं मागा. वीस माणसं अंथरुणाला, दिवसाला तीन धरले तर महिन्याला अठराशे होतात. मी एका ठिकाणी बिलं बघितली सहाशेची. बाकीचे बाराशे कुठं गेले ते तुम्ही ओळखा.

चार, गोळी. संध्याकाळी सातला सगळा हॉल गाढ झोपला असेल तर झोपेची गोळी कुणाच्या सहीनं चाललीय ते विचारा.

पाच, आग. याला खरं तर अर्धा तास हवा होता. आपल्याकडे २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा आहे, त्याखाली परवानाधारक एजन्सीचा 'फॉर्म बी', म्हणजे आगीपासून बचावाची साधनं चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, तो मागा. पण कागदावर थांबू नका. मागचं दार ढकलून बघा. आजोबा बाहेर जातात म्हणून त्याला कुलूप असतं, आणि किल्ली त्या तक्रारपेटीच्याच जुडग्यात. स्कॉटलंडात रोझपार्क केअर होममध्ये २००४ साली कपड्यांच्या एका कपाटात पहाटे आग लागली आणि चौदा जण गेले. बऱ्याच खोल्यांची दारं उघडी होती, त्यातून धूर आत शिरला. म्हणून रात्री दारं कशी ठेवता, हेही विचारा.

आलं, आलं, वड्यांचा वास मलाही येतोय. सगळं एका कागदावर मोठ्या टायपात छापून आणलंय, दाराशी ठेवलंय, चष्मा विसरलेल्यांनाही वाचता येईल. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन खाली दिलीय, १४५६७. प्रश्न आता नकोत, खाताना विचारा. या महिन्यातले वाढदिवसवाले पुढं या. आणि जोशीकाका, तुम्ही साखरवाले, जिलबीच्या ताटापासून लांब बसा.