मठातला रंगमंच

[दृश्य: लंडन. टेम्सच्या काठाजवळची अरुंद गल्ली, भिंतीवर ‘ब्लॅकफ्रायर्स’ अशी पाटी.]

ब्लॅकफ्रायर्स म्हणजे काळ्या कफनीतले साधू. डॉमिनिकन पंथाचा मठ होता इथे. जून १५२९ मध्ये याच मठात न्यायासन मांडलं गेलं. आठव्या हेन्रीला राणीपासून सुटका हवी होती आणि निवाड्यासाठी खास रोमहून कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, काम्पेज्जो आले होते. राणी कॅथरिन, आरागॉन घराण्याची लेक, भर सभेत नवऱ्यापुढे गुडघे टेकून बोलली. निकाल इथे लागलाच नाही. पुढे इंग्लंडनं रोमच्या पोपशी नातं तोडलं आणि १५३८ मध्ये मठही बंद पडला.

[दृश्य: मेणबत्त्यांच्या उजेडात लाकडी रंगमंच.]

त्याच वास्तूत नंतर नाट्यगृह उभं राहिलं. १६१३-१४ च्या सुमारास जॉन वेब्स्टरचं ‘द डचेस ऑफ माल्फी’ इथे रंगलं. तरुण विधवा डचेस आपल्याच कारभाऱ्याशी, अंतोनियोशी, गुपचूप लग्न करते आणि दोघे भाऊ तिच्या जिवावर उठतात. त्यातला एक कार्डिनल. ही गोष्ट कल्पनेतली नव्हती. इटलीतल्या अमाल्फीची, म्हणजे नाटकातल्या माल्फीची, जोव्हाना द’आरागोना खरोखर होऊन गेली. तिचा भाऊ लुईजी खराच कार्डिनल होता आणि तिच्या नवऱ्याचा १५१३ मध्ये मिलानमध्ये खून झाला.

प्रेक्षकांच्या मनात मात्र ताजी भीती होती. १५७० मध्ये पोपनं राणी एलिझाबेथला बहिष्कृत करून प्रजेला तिच्या निष्ठेतून मोकळं केलं होतं. १६०५ मध्ये पार्लमेंटखाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं सापडली. कट रचणारे कॅथलिक होते.

ती भीती रंगमंचावर विषाचं रूप घेऊन येते, तेही पूजेच्या वस्तूंमधून. कार्डिनल आपल्या रखेलीला शपथेसाठी ग्रंथाचं चुंबन घ्यायला लावतो. पानांना विष फासलेलं असतं. वेब्स्टरच्याच ‘द व्हाइट डेव्हिल’मध्ये, १६१२ साली, इझाबेला झोपण्याआधी नवऱ्याच्या तसबिरीपुढे गुडघे टेकते, तीनदा वंदन करते, तीनदा ओठ लावते आणि कोसळते. मूर्तिपूजा म्हणजे मरण, हे पोपला न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. पुढे तोच नवरा मरणाला टेकतो, तेव्हा अंत्यविधीला आलेले कापुचिन साधू निघतात वेष पालटलेले मारेकरी. क्रूस दाखवतात, लॅटिन पुटपुटतात आणि गळा आवळतात.

१६१८ मध्ये व्हेनिसच्या वकिलातीतला धर्मगुरू ओराझिओ बुझिनो यानं लिहून ठेवलं की हे इंग्रज आमच्या धर्माची विटंबना करतात. रंगमंचावरची वेदी, तिच्यावर झगा उतरवून ठेवणारा कार्डिनल, मग त्याच्या कमरेला आलेली तलवार, हे सगळं त्यानं टिपलं. अभ्यासकांना त्यात माल्फीचंच नाटक दिसतं. त्याच्या त्या ओळी वाचताना वाईट वाटतं. जे त्याला पवित्र होतं, ते इथे खुनाचं हत्यार होतं.

[दृश्य: टॉवर ऑफ लंडन.]

पण विष काही इटलीतच नव्हतं. १६१३ मध्ये याच टॉवरमध्ये सर टॉमस ओव्हरबरी कैदेत मेला. विषप्रयोगाच्या खटल्यात १६१६ साली राजा जेम्सचा लाडका सॉमरसेट आणि त्याची बायको दोषी ठरले. असल्या दरबारावर उघड बोलणं सोपं नव्हतं. राजा जेम्सबरोबर आलेल्या स्कॉटिश दरबाऱ्यांची थट्टा केली म्हणून नाटककार बेन जॉन्सननं १६०५ मध्ये तुरुंग पाहिला होता. इटलीचं नाव घातलं की बोलता येत होतं. द्वेष खरा होता, तो मी झाकणार नाही; पण त्या द्वेषाच्या आडून लंडनकर आपलाच दरबार न्याहाळत होते, असं मला ठामपणे वाटतं.

आणि डचेस? तीही इटालियन, तीही कॅथलिक. तरी नाटककारानं सगळ्यात मोठं मन तिलाच दिलं.

[दृश्य: मेणबत्त्या. फास घेऊन उभे असलेले मारेकरी.]

ती त्यांना थांबवते. राजवाड्यांच्या कमानी उंच असतात, म्हणते, स्वर्गाचं दार तेवढं उंच नाही. तिथे शिरायचं तर गुडघ्यांवरच.

आणि ती गुडघे टेकते.