लाल नॉब

(दृश्य : छोट्या विमानाचं कॉकपिट. पॅनेलच्या खालच्या कडेला दोन नॉब, एक काळा, एक लाल.)

सेसना 172 मधला हा काळा, गुळगुळीत नॉब म्हणजे थ्रॉटल, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा. त्याच्या उजवीकडचा लाल नॉब मिक्श्चरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाचा. याच्या कडेला खाचा आहेत, न बघताही बोटांना ओळख पटावी म्हणून. पूर्ण आत ढकलला की इंजिनाला भरपूर पेट्रोल मिळतं, बाहेर ओढत आणला की पेट्रोल कमी होत जातं. बारामतीला किंवा गोंदियाला विमान शिकायला आलेल्या मुलांचा हात पहिल्याच दिवशी या नॉबवर पडतो. पण जगभर बहुतेकांचं शिक्षण एका वाक्यापाशी थांबतं : उंचीवर गेलात की हळूहळू ओढा, इंजिन खडखडलं की थोडा परत आत.

तो खडखडाट नेमका कशाचा असतो, ते आज बघू या.

आधी, नॉब ओढायचाच कशाला? विमान वर चढतं तशी हवा विरळ होते. 8,000 फुटांवर ती समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक पंचमांशाने पातळ असते. साध्या कार्ब्युरेटरला याचा पत्ता नसतो, तो पेट्रोल सोडतच राहतो. ज्यांच्या घरी घासलेटचा स्टोव्ह होता त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं. इंजिनात ती काजळी स्पार्क प्लगवर बसते.

(दृश्य : हँगर. मेकॅनिकच्या तळहातावर प्लग. कॅमेरा अगदी जवळ.)

हा प्लग पाहा. मधल्या पांढऱ्या चिनीमातीभोवती जी खोलगट जागा आहे, तिथे करड्या रंगाचे, मोहरीएवढे दाणे अडकले आहेत. हे शिसं आहे. विमानाच्या निळसर पेट्रोलमध्ये, म्हणजे 100 एलएलमध्ये, ते अजूनही असतं. जमिनीवर पूर्ण रिच, म्हणजे भरपूर पेट्रोलच्या, मिक्श्चरवर रेंगाळलेल्या इंजिनात तापमान पुरेसं चढत नाही, शिसं बाहेर न पडता साचतं. मेकॅनिक टोकदार दाभणाने एकेक दाणा उकरून काढतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, लाल नॉब चांगला बाहेर ओढलेला असता तर हे काम बरंच वाचलं असतं.

मग लोक ओढायला घाबरतात का? कारण एक जुनी समजूत : लीन केलं, म्हणजे पेट्रोल कमी केलं, की इंजिन जळतं.

(दृश्य : आलेख. एक रेषा चढते, शिखर गाठते, उतरते.)

ही रेषा धुराड्यातून निघणाऱ्या गरम वायूच्या तापमानाची. वैमानिक तिला ईजीटी म्हणतात. पेट्रोल कमी करत गेलं की ती चढते. वजनाने एका भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा झाली की शिखर येतं, त्यापुढे ती उतरू लागते. आता दुसरी रेषा पाहा, सिलिंडरच्या डोक्याच्या तापमानाची. तिचं शिखर आधीच येऊन गेलं, रिच बाजूला, ईजीटी तिच्या शिखरापेक्षा सुमारे 25 अंश सेल्सिअस कमी असतानाच. सिलिंडरमधला दाबही तिथेच सर्वांत जास्त असतो. ईजीटीचं शिखर ओलांडून लीन बाजूला उतरलं की ज्वलन मंदावतं, दाब कमी होतो आणि सिलिंडर थंड होतात. भीतभीत थोडंसंच ओढणारा वैमानिक मात्र नेमका त्या सर्वांत तापलेल्या जागी जाऊन थांबतो. लीनची बदनामी या अर्धवट लीनने केली आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे ज्ञान नवं नाही. 1944 च्या उन्हाळ्यात चार्ल्स लिंडबर्ग न्यू गिनीत हॉलंडियाला गेले. 1927 मध्ये अटलांटिक एकट्याने ओलांडणारे तेच हे लिंडबर्ग. अमेरिकेच्या 475 व्या फायटर ग्रुपच्या पी-38 या लढाऊ विमानांबरोबर ते उडू लागले, आणि परतल्यावर त्यांच्या टाकीत इतरांपेक्षा जास्त पेट्रोल उरतं, हे जमिनीवरच्या लोकांच्या लक्षात आलं. त्यांची रीत अशी : मिक्श्चर लीन, इंजिनाचे फेरे मिनिटाला 1,600 इतके कमी, आणि सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचा दाब मात्र चढता. इंजिनं खराब होतील म्हणून तरुण वैमानिक कुरकुरले. इंजिनं टिकली, आणि पल्ला वाढला.

पुढे सुपर कॉन्स्टेलेशनमध्ये, म्हणजे एअर इंडिया इंटरनॅशनलने 1954 पासून मुंबईहून परदेशी उडवली त्याच जातीच्या विमानात, फ्लाइट इंजिनिअरची वेगळी जागा असे. अठरा सिलिंडरांच्या इंजिनाची ताकद दाखवणारं मीटर समोर ठेवून लीन करणं हे त्याच्या कामाचा भाग होतं. जेट विमानं आली, लीन करण्याचं ते काम गेलं, आणि जाणकार माणसंही पांगली. छोट्या विमानाच्या मालकाकडे उरला तो एक लाल नॉब आणि फार तर एक ईजीटीचा काटा. सहा सिलिंडर, एक काटा!

आता खडखडाट. परत आलेखाकडे, पण आता रेषा ताकदीची. रिच बाजूला ती जवळजवळ सपाट आहे. तिथे एका सिलिंडरला पेट्रोल थोडं जास्त मिळालं, दुसऱ्याला थोडं कमी, तरी दोघांचा जोर सारखाच. लीन बाजूला मात्र ही रेषा उतारावर असते आणि जितकं पेट्रोल तितकीच ताकद. तिथे तोच छोटा फरक उघडा पडतो. एक सिलिंडर जोर लावतो, शेजारचा मागे राहतो. पालखीच्या भोयांपैकी एकाचा खांदा खाली गेला की पालखी डुलते, तसं. दोष लीनचा नाही, असमान वाटपाचा आहे.

ही असमानता येते कुठून? कॉन्टिनेन्टल कंपनीच्या अनेक सहा सिलिंडरी इंजिनांत हवा एकाच नळीतून ओळीने सिलिंडरांना मिळते. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी इंधनाचा फवारा अखंड चालू असतो. व्हॉल्व्ह बंद असताना तिथे साचलेली पेट्रोलची वाफ हवेबरोबर पुढच्या सिलिंडरकडे वाहते. शेवटच्याला स्वतःचा वाटा मिळतोच, वर शेजाऱ्याचाही थोडा.

1990 च्या दशकात अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एडा गावी जॉर्ज ब्रेली आणि टिम रोल यांच्या गामी कंपनीने यावर सरळ उपाय केला. प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळ्या मापाचा नोझल. ज्याला शेजाऱ्याकडून पेट्रोल मिळतं, त्याचं छिद्र किंचित लहान.

(दृश्य : बोटांच्या चिमटीत पितळी नोझल. उजेडाकडे धरल्यावर मधलं छिद्र दिसतं.)

स्टोव्हच्या निपलएवढा हा तुकडा. फरक डोळ्यांना दिसणारच नाही.

तपासणी हवेत होते. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा ईजीटी सेन्सर लावायचा, लाल नॉब अगदी सावकाश फिरवत न्यायचा आणि कुठला सिलिंडर किती पेट्रोलवर शिखर गाठतो ते लिहून ठेवायचं. सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटी शिखर गाठणाऱ्या सिलिंडरांच्या या आकड्यांमधलं अंतर तासाला अर्ध्या गॅलनच्या आत, म्हणजे दोन लिटरपेक्षा कमी आलं, की इंजिन लीनवर मऊ चालतं. आलं नाही तर नोझलच दोषी असतो असंही नाही. नळीच्या जोडातून हवा गळत असेल, किंवा एखादा प्लग दमला असेल. पातळ मिश्रण पेटायला जड, त्यामुळे रिचवर लपून राहिलेला अशक्त प्लग इथे लगेच सापडतो. रोगनिदानासाठी याहून स्वस्त चाचणी मला तरी माहीत नाही.

हे सगळं क्रूझसाठी, म्हणजे वर पोचून सरळ उडत असतानासाठी. समुद्रसपाटीजवळच्या टेकऑफला नॉब पूर्ण आतच हवा. भर ताकदीवर ते जादा पेट्रोल ज्वलन आटोक्यात ठेवतं. आणि त्या-त्या विमानाच्या पुस्तिकेत लिहिलेल्या मर्यादा पाळायच्याच.

(दृश्य : विमान उतरलं आहे. पंखा संथ फिरतोय. हात लाल नॉबकडे जातो.)

विमानाचं इंजिन चावीने बंद करत नाहीत, लाल नॉब पूर्ण बाहेर ओढून करतात. फेऱ्यांच्या काट्याकडे लक्ष ठेवा. पेट्रोल तुटत असताना तो आधी किंचित वर जातो, 25 ते 50 फेरे. रिचकडून लीनकडे जाताना मिश्रण क्षणभर अगदी योग्य प्रमाणात येतं, तो हा क्षण. मग काटा खाली येतो आणि पंखा थांबतो.