बिनतिकिटाचा खेळ मांडताना

नमस्कार श्रोतेहो.

कार्तिकी पौर्णिमा उलटली की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो. आज या गावात, उद्या शेजारच्या. पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळापुढे दशावताराचा खेळ उभा राहतो. गावकरी असो, मुंबईहून आलेला चाकरमानी असो, नाहीतर वाटेवरून जाणारा परका माणूस असो, तिकीट कुणालाच विचारत नाहीत. रत्नागिरीकडे शिमग्यात नमनाचे खेळे तसेच, गौरी-गणपतीतली जाखडी तशीच. आज बोलायचंय ते अशा बिनतिकिटाच्या खेळांबद्दल, आणि तेही ते मांडणाऱ्या मंडळींशी: देवस्थान समिती, वाडीतलं तरुण मंडळ, ग्रामपंचायत.

तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल व्हावेत म्हणून तरी बसून राहतो. फुकट आलेल्याला तसलं बंधन नाही. शब्द कळेनात, किंवा समोर उभ्या राहिलेल्याची पाठच दिसायला लागली, की तो उठतो आणि खाज्याच्या दुकानाकडे वळतो. त्यात त्याची चूक काहीच नाही. म्हणून बिनतिकिटाच्या खेळाची मांडणी तिकिटाच्या खेळापेक्षा अधिक काटेकोर लागते.

आधी पैशाचं बोलू, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोष्टी मोघम ठेवल्या जातात. पाहणाऱ्याला फुकट म्हणजे करणाऱ्याने फुकट करायचं, असं नव्हे. दशावताराची कंपनी म्हणजे साधारण बारा-पंधरा माणसं. नट, हार्मोनियमवर गाणारा, पखवाजवाला, झांजवाला, शिवाय गाडी आणि चालक. दक्षिणेला कर्नाटकच्या किनाऱ्यावर यक्षगान या लोकनाट्याची पद्धत पाहा. कटील, मंदार्ती, धर्मस्थळ इथल्या मेळ्यांचे, म्हणजे देवस्थानांच्या नाटक कंपन्यांचे, खेळ भाविक नवसाने बोलतात. खर्च त्या एका घराचा, पाहायला सगळा गाव. फ्रान्समध्ये 1982 पासून दरवर्षी 21 जूनला रस्त्यारस्त्यांवर संगीताचा दिवस साजरा होतो, तिथे ऐकणाराही पैसे देत नाही आणि वाजवणाराही घेत नाही. पण तो हौसेचा एक दिवस आहे. ज्यांची चूल हंगामावर पेटते, त्यांच्यावर तो नियम लावू नये. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 1962 साली उघडलेलं डेलाकोर्ट हे खुलं नाट्यगृह आहे, सुमारे 1,800 जागांचं. तिथे नाटक फुकट, पण नटाला मानधन आहे, आणि जागा मर्यादित म्हणून फुकटची तिकिटं रांगेत वाटतात. फुकट आणि शिस्त यांचं वैर नाही, एवढं त्यावरून घ्यावं.

तेव्हा नारळ देताना, म्हणजे कंपनीशी खेळ ठरवताना, एका कागदावर लिहून घ्या: तारीख, खेळ उभा राहण्याची वेळ, कोणतं आख्यान, माणसं किती, जेवण कुणाकडे, रंगपटाला, म्हणजे नटांना रंगायला, खोली कोणती, बिदागी किती आणि ती केव्हा. आरतीचं तबक प्रेक्षकांत फिरतं, त्यातले पैसे कुणाचे, हेही आधीच बोलून ठेवा. ट्रिकसीनचा, म्हणजे मंचावर चमत्कार दाखवणारा, खेळ हवा असेल तर वीज किती लागेल आणि आगीचा प्रयोग आहे का, ते त्याच वेळी विचारा.

दुसरी गोष्ट वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि नंतरच्या दुरुस्तीने वाद्यंही त्यात आली. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, तेही ठरलेल्या सणांना, मध्यरात्री 12 पर्यंत सूट देता येते. ते दिवस कोणते, हे जिल्हाधिकारी कार्यालय जाहीर करतं. आपली तारीख त्यात आहे का, ते सुपारी देण्याआधी पाहा आणि पोलीस ठाण्याचा लेखी परवाना हातात ठेवा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचं 100 मीटरचं अंतर शांतता क्षेत्र धरलं जातं, हे मैदान निवडताना लक्षात असू द्या. जत्रेची रात्र सोडून इतर वेळी खेळ ठेवायचा असेल, तर आमचं स्पष्ट मत असं की तो संध्याकाळी 7 ला उभा करावा. वीस मिनिटं आडदशावतार, म्हणजे सुरुवातीला येणारे गणपती, सरस्वती, संकासुर, आणि पुढे अडीच तासांत आख्यान नीट बसतं. आडदशावतार गाळून थेट आख्यानावर उडी मारू नका. काळ्या वेषातला मालवणी बोलणारा संकासुर आल्याशिवाय मुलांचं लक्ष मांडावर खिळत नाही.

आता जागा. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण 5 चौरस फूट लागतात. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्यातला तिसरा हिस्सा वाटांसाठी सोडला तर गुंठ्याला 140-145 माणसं सुखाने बसतात. मधली वाट 4 फुटांची ठेवा, नाहीतर लहान मूल घेऊन उठणारी बाई अख्ख्या रांगेला उठवते. पुढे सतरंज्या, मग खुर्च्या, मग उभे. हा क्रम मोडला आणि पाहुण्यांसाठी पुढे सोफे मांडले, की मागचे सगळे उभे राहतात आणि खेळ तिथेच पडतो. रंगमंच दीड ते दोन फुटांपेक्षा उंच नको. तीन-चार फूट उंच केला की पहिल्या ओळींतल्या मुलांना नटांचे नुसते पाय दिसतात. दशावताराला मंचावर एक लाकडी बाकडं पुरतं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच पर्वत. मागे रंगीबेरंगी फ्लेक्स लावू नका, गडद रंगाचा साधा पडदा टांगा. मुकुट आणि रंगवलेले चेहरे त्यावर उठून दिसतात.

बायकांसाठी स्वच्छतागृह जवळ आणि उजेडात हवं. ते नसलं की बायका अर्ध्यात उठून घरी जातात, आणि समित्या म्हणतात की हल्ली बायकांना आवड राहिली नाही.

वाऱ्याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. किनाऱ्यालगत दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, आणि रात्र चढली की जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटतो. आवाज वाऱ्याबरोबर खाली राहून लांब जातो, वाऱ्याच्या विरुद्ध गेला तर वर उचलला जातो आणि मागच्या रांगांना शब्द तुटक ऐकू येतात. म्हणून देवळापुढची जागा ठरलेली नसेल, मोकळं मैदान असेल, तर मंच जमिनीच्या अंगाला आणि प्रेक्षक समुद्राच्या अंगाला ठेवा. मांडव शक्यतो झापांचा, म्हणजे विणलेल्या माडाच्या पानांचा, घाला. पत्रा वाऱ्याने वाजतो आणि आवाज उलटा फेकतो, झाप तो गिळतं. पण सुकलेलं झाप पेटायला वेळ लागत नाही, तेव्हा गरम होणारा दिवा त्यापासून निदान 4 फूट लांब हवा, आणि वाळूच्या दोन बादल्या, पाण्याचं पिंप जवळ हवं.

कर्णे नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागे ठेवले की कर्ण्यातला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. मग ध्वनीवाला आवाज कमी करतो, नट ओरडायला लागतात आणि तासाभरात त्यांचे गळे बसतात. नटांच्या अंगाला छोटे माईक लावू नका, दागिने त्यावर घासतात. मंचाच्या पुढच्या कडेला दोन आणि वर टांगलेला एक, एवढे पुरेत. गाणाऱ्याला एक वेगळा, पखवाजाला एक. झांजेला माईक नको, ती सगळ्यांत शिरतेच. मैदान लांब असेल तर लोक 50 मीटर मागे आणखी कर्ण्यांची जोडी लावतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे मंचाचा आवाज तिथे जवळजवळ दीड दशांश सेकंद उशिरा पोचतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मागच्या कर्ण्यांना तेवढाच उशीर लावून देणारं यंत्र ध्वनीवाल्याकडे असेल तरच ती जोडी लावा.

पखवाजाकडे जरा जवळून पाहू. त्याच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या बाजूच्या कातड्याला, साध्या पाण्यात मळलेली कणीक लावतात, त्यानेच तो भरदार खालचा नाद येतो. कणीक जास्त तर नाद खाली, कमी तर वर. रात्र सरकते तशी कणीक वाळायला लागते, नाद चढतो, आणि पखवाजवाला ओल्या बोटांनी ती पुन्हा बसवतो. त्याच वेळी दव पडत असतं. दवाने कातडं सैल पडतं आणि उजव्या पुडीचा सूर उतरतो. हार्मोनियमचा सूर तर जागचा हलत नाही, म्हणून पखवाजवाल्याला हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून पुन्हा त्या पट्टीला यावं लागतं. त्यासाठी त्याला दोन प्रवेशांच्या मध्ये मिनिटभर हवं असतं. तेवढ्यात निवेदकाने माईक हातात घेतला की तो सूर मिळवणार कसा? वादकांच्या डोक्यावर छप्पर द्या आणि पखवाज उबवायला हॅलोजनजवळ ठेवू देऊ नका, पुडी एका बाजूने ताणली जाऊन फाटते. खेळ संपला की कणीक काढून पुडी पुसावी लागते, तेव्हा स्वच्छ पाण्याचं भांडं तिथे असू द्या.

दिव्यांचं थोडक्यात. फक्त डोक्यावरून उजेड सोडला तर मुकुटाची सावली डोळ्यांवर येते आणि नटाची नजर हरवते. दोन्ही बाजूंनी, समोरून तिरके, माणसाच्या दुप्पट उंचीवरून दिवे सोडा. पिवळसर उजेडात चेहऱ्याचा रंग खुलतो, निळसर पांढऱ्यात तो मेलेला दिसतो. ध्वनी आणि दिवे एकाच तारेवर घेऊ नका, कर्ण्यात गुणगुण येते. साध्या खेळाला 5 केव्हीएचा जनरेटर पुरेसा होतो. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब, झाडाआड ठेवा आणि जमिनीशी अर्थिंग नीट करा. खाऱ्या हवेत पिना आणि जोड लवकर गंजतात, म्हणून दुपारीच सगळे जोड काढून पुसून पुन्हा बसवा.

हे सगळं दशावताराला धरून झालं. जाखडीला मंच अजिबात नको. वादक आणि गाणारे मध्ये बसतात, नाचणारे भोवती फेर धरतात, म्हणून वीसेक फूट व्यासाचं मोकळं रिंगण आणि चारी बाजूंनी प्रेक्षक. जमीन चोपून सारवलेलं खळं असावं. जाड गालिच्यावर किंवा वाळूत पायाचा ठेका मरतो, आणि जाखडीत ठेका गेला तर राहिलं काय?

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी याच्या अगदी उलट, ती चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची, लहान बैठकीची कला. ठाकर समाजाने जपलेली. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. हातात धरलेलं कागदी चित्र तीस-चाळीस माणसांपलीकडे दिसत नाही. हजार माणसांपुढे ती उभी करून मोठ्या पडद्यावर दाखवणं आम्हाला पटत नाही. कलाकार चित्र हलवतो, तिरकं करतो, ते सगळं पडद्यावर सपाट होतं. त्यापेक्षा चाळीस-चाळीस माणसांच्या तीन बैठका ठेवा, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या, आणि मानधन तीन बैठकांचं द्या.

गावातल्या हौशी मंडळाने लिहिलेलं नाटक करायचं असेल तर एक कायदेशीर सवलत माहीत असावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 प्रमाणे हौशी संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग, हक्कभंग ठरत नाही. व्यावसायिक कंपनीला ही सवलत नाही. आणि हौशी असलात तरी लेखकाला आधी कळवणं ही साधी रीत आहे.

आता सत्कार. पहिला अंक रंगलेला असतो, आणि मध्येच शाली, नारळ, देणगीदारांची यादी, अमुक रुपयांचं बक्षीस अमुक भाऊंकडून. वीस मिनिटं अशी जातात आणि परतलेला नट पुन्हा त्या भावात शिरेपर्यंत आणखी दहा. देणगीदारांना मान द्यायलाच हवा, त्यांच्यामुळेच खेळ फुकट आहे. पण तो खेळाआधी द्या, 10 मिनिटांत. उरलेली नावं ठळक अक्षरांत फळ्यावर लिहून वाटेवर लावा, येणारा-जाणारा सगळा गाव वाचतो. बक्षिसं चिठ्ठीसकट रंगपटात पोचवा आणि खेळाच्या शेवटी होणाऱ्या दहीकाल्याआधी एकदाच वाचा.

बिदागीचं पाकीट खेळ संपल्यावर लगेच, रंग उतरवायच्या आधी, कंपनीच्या मालकाच्या हाती द्यावं आणि सही घ्यावी. कंपनीला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावची जत्रा असते. कोषाध्यक्ष झोपलेत, सकाळी या, असं त्यांना सांगू नये.

नमस्कार.