बुटावरचा रेडक्रॉस

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्यासमोर एक जुनी अमेरिकन जाहिरात आहे, 1950च्या दशकातली. बायकांचा टाचेचा नाजूक बूट, शेजारी ठसठशीत अक्षरांत नाव : ‘रेड क्रॉस शूज’. पान जरा डोळ्यांजवळ नेलं की अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ दिसते. या मालाचा अमेरिकन नॅशनल रेडक्रॉसशी कसलाही संबंध नाही, असं तिथं म्हटलंय. नाव रेडक्रॉसचं, आणि खाली कबुली की आमचा त्यांचा काही संबंध नाही! मी गेली कित्येक वर्षं प्रथमोपचाराचे वर्ग घेते. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हापासून ती मनातून जात नाही, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

हे बूट ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातले. क्रोन-फेखाइमर नावाच्या कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बाजारात आणले आणि पुढं युनायटेड स्टेट्स शू कॉर्पोरेशननं ते वर्षानुवर्षं विकले. ‘पायाबरोबर वाकणारा बूट’ अशी त्यांची ख्याती. दिवसभर उभं राहून पाय भरून येणाऱ्या बायकांना त्यात आराम वाटायचा. माल चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं नावाबद्दल आहे. रेडक्रॉस म्हटलं की शुश्रूषा, काळजी, विश्वास हे सगळं आपोआप मनात येतं. तो विश्वास बुटाच्या खोक्यावर फुकटात मिळत होता.

पण तो विश्वास कमावला कुणी? 24 जून 1859. उत्तर इटलीतल्या सोल्फेरिनोला लढाई झाली आणि हजारो जखमी सैनिक रणात तसेच पडून राहिले. जिनिव्हाचे व्यापारी हेन्री ड्युनां त्या वेळी तिथं होते. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांना सोबत घेऊन त्यांनी मित्र-शत्रू न बघता मलमपट्टी केली, पाणी पाजलं. त्यातूनच पुढं 1864 मध्ये जिनिव्हाचा पहिला करार झाला आणि पांढऱ्यावर लाल क्रॉस ही खूण ठरली. स्विस झेंड्याचे रंग उलटे केले की ती होते. त्या खुणेचा अर्थ एकच : इथं जखमींवर उपचार चाललेत, गोळी झाडू नका. बंदूक रोखलेल्या माणसाला ती दुरून, धुरातून, क्षणभरात ओळखता आली पाहिजे. औषध, आराम, आरोग्य हे तिचे अर्थ आपण मागाहून चिकटवलेत.

मग अमेरिकेत बुटाला हे नाव चाललं कसं? तिथं क्लारा बार्टन यांनी 1881 मध्ये रेडक्रॉस संस्था उभी केली, पण नाव आणि खूण राखणारा कडक कायदा यायला 1905 साल उजाडलं. तोवर कितीतरी व्यापाऱ्यांनी ती उचलली होती. संसदेनं मधला रस्ता काढला : 5 जानेवारी 1905 च्या आधीपासून जे कायदेशीरपणे वापरत होते, त्यांना चालू ठेवू द्यायचं. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा लाल क्रॉस त्यातलाच. 2007 मध्ये याच खुणेवरून ही कंपनी आणि अमेरिकन रेडक्रॉस कोर्टात समोरासमोर उभे राहिले. दुसऱ्या वर्षी तडजोड झाली.

एका कागद कंपनीचा टॉयलेट पेपरसुद्धा रेडक्रॉसच्या नावानं विकला जायचा. तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1946 मध्ये न्यायालयानं म्हटलं की 1905 पूर्वीच्या वापरकर्त्यांचं नाव काढून घेता येणार नाही, पण गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून त्यांना खुलासा छापायला लावता येईल. बुटांच्या जाहिरातीतली ती बारीक ओळ अशाच खुलाशाची. त्याच दशकात काही वर्षं हे बूट अमेरिकेतही ‘गोल्ड क्रॉस’ नावानं विकले गेले. ऑस्ट्रेलियातही तेच नाव होतं. नाव बदललं, तरी बूट तोच राहिला आणि बायका तो घेतच राहिल्या. हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. ते नाव नसतं तरी बुटाचं काही अडलं नसतं.

आता आपल्याकडे बघू या. भारतात 1960 चा जिनिव्हा करार कायदा आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ही खूण किंवा ‘रेडक्रॉस’ हे नाव वापरायला त्यात मनाई आहे. दंड पाचशे रुपयांपर्यंत, आणि माल जप्तही होऊ शकतो. तरी आपल्या गल्लीतून एक चक्कर मारा. औषधाच्या दुकानाची पाटी, डॉक्टरांच्या गाडीची काच, प्रथमोपचाराची पेटी, सगळीकडे लाल अधिक. यातल्या कुणाच्या मनात खोट नाही, आणि म्हणूनच हे सांगावंसं वाटतं. युद्ध चालू असताना खुद्द रेडक्रॉस संस्थेनंही आपल्या इतर कामांसाठी ही खूण लहान आकारातच वापरायची, दंडाच्या पट्टीवर किंवा इमारतीच्या छपरावर लावायची नाही, असं 1949 च्या जिनिव्हा करारात लिहिलंय. मोठी, ठळक खूण युद्धातल्या जखमींसाठी राखून ठेवलीय. रोज दुकानांवर पाहून पाहून ती डोळ्यांना सवयीची झाली, तर ऐन वेळी तिच्याकडे कोण लक्ष देणार?

माझ्या मावशीचा दवाखाना आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. तिच्या पाटीवर तीस वर्षं लाल क्रॉस होता. मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती जरा दुखावली. “अगं, लांबून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, ती खूण बघूनच येतात,” म्हणाली. तिचं खरंच होतं. मग आम्ही तोडगा शोधला : हिरव्यावर पांढरा क्रॉस. प्रथमोपचारासाठी जगभर ही खूण चालते आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. पेंटरकाकांनी शिडी लावली, पॉलिश पेपरनं लाल रंग घासला. तीस वर्षांचा रंग, थरावर थर चढलेला. दुपारभर त्यांच्या बोटांवर लाल भुकटी होती. संध्याकाळी हिरवा हात मारून झाला. आठवड्यानं मावशीला फोन केला आणि पेशंट वाट चुकतात का, ते विचारलं.

“कुणी चुकलं नाही,” ती म्हणाली. “एका आजींनी तेवढं विचारलं, पाटी नवी केली का म्हणून. मग मी त्यांना सोल्फेरिनोची गोष्ट सांगितली.”

नमस्कार.